इझाडोरा : एक अनिकेत जीवन

इझाडोरा डंकन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ते तिच्या मरणामुळे. गळ्यातला लांब रेशमी शेला मोटारीच्या चाकात अडकला आणि क्षणार्धात सारे संपले, एवढी गोष्ट कुठेतरी वाचलेली असते. थोडे अधिक वाचलेल्यांना ती अनवाणी नाचणारी नर्तिका म्हणून माहीत असते. आणि त्याहूनही अधिक वाचलेले, तिचे नाव निघाले की जरा मिस्किल हसतात. कारण तिच्या आयुष्यात आलेल्या पुरुषांची यादी त्यांच्या ओठांवर तयार असते. कथ्थकला आयुष्य वाहिलेल्या रोहिणी भाटे यांना मात्र तिचे आत्मचरित्र मराठीत आणावेसे वाटले. त्या हसण्यापेक्षा मला ही गोष्ट अधिक बोलकी वाटते.

ती यादी मीही या लेखात देणार आहे. ती गाळून इझाडोराचे चरित्र सांगता येत नाही, कारण तिने स्वतःच आपली कला आणि आपले प्रेम ही दोन वेगळी खाती कधी मानली नाहीत. पण मला प्रश्न पडतो तो असा : प्रत्येक वेळी सगळा जीव ओतून प्रेम करणाऱ्या या बाईला कुठेच ठाव का मिळाला नाही? ‘चंचल होती’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही.

तिचा जन्म 1877 च्या मे महिन्यात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. चार भावंडांत ती धाकटी. वडील जोसेफ डंकन बँकेच्या व्यवसायात होते, कवितेचे शौकीन होते, आणि बायकांच्या बाबतीत फारसे भरवशाचे नव्हते. इझाडोरा तान्ही असतानाच त्यांची बँक बुडाली आणि पाठोपाठ आईवडिलांचा घटस्फोट झाला. आईने मुलांना घेऊन ओकलंड गाठले. ती घरोघरी पियानोच्या शिकवण्या करी, विणलेल्या टोप्या-मोजे विकी. भाडे थकले की बिऱ्हाड हलवायचे, असा प्रकार. पण संध्याकाळी दमून आलेली ही बाई मुलांना बीथोव्हेन आणि शोपँ वाजवून दाखवी, शेक्सपिअर वाचून दाखवी. इझाडोराने दहाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली आणि शेजारपाजारच्या मुलांना नाच शिकवून चार पैसे आणायला सुरुवात केली. तिचे खरे शिक्षण झाले ते ओकलंडच्या सार्वजनिक वाचनालयात. तेथल्या ग्रंथपाल ईना कूलब्रिथ या स्वतः कवयित्री होत्या. त्यांनी या फाटक्या कपड्यांतल्या मुलीला हवी ती पुस्तके दिली.

लग्न करायचे नाही, हे तिने बाराव्या वर्षी ठरवले असे ती सांगते. आईची परवड डोळ्यांसमोर होती. त्यातच जॉर्ज एलियटची ‘अ‍ॅडम बीड’ ही कादंबरी हाती पडली. तीत लग्नावाचून आई झालेल्या मुलीची झालेली दैना वाचून तिने कायद्याची चौकशी केली, आणि लग्न झालेल्या बाईलाही फारसे हक्क नसतात हे तिच्या ध्यानात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारा वर्षांच्या मुलीने काढलेला हा निष्कर्ष आहे. पुढे तिने हा निश्चय जवळजवळ बत्तीस वर्षे पाळला. मोडला तेव्हा काय झाले ते पुढे येईलच.

पहिले प्रेम शिकागोत. ती अठरा-एकोणीस वर्षांची, पोटासाठी नाटक कंपन्यांचे उंबरठे झिजवणारी. तो इवान मिरोस्की नावाचा पोलिश चित्रकार-कवी, वयाने दुपटीहून मोठा, खिशाने रिकामा. दोघांचे लग्न ठरलेही. मग तिच्या भावाने चौकशी केली तेव्हा कळले, की या गृहस्थाची एक बायको लंडनमध्ये आहे. प्रकरण तेथेच थांबले. पुढे तो सैन्याच्या तळावर तापाने वारला. यावर अधिक लिहिण्याजोगे काही नाही. पण पहिल्याच घासाला खडा लागला, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

1899 मध्ये हे डंकन कुटुंब गुरे वाहून नेणाऱ्या बोटीतून इंग्लंडला गेले. तिकिटाला पैसे नव्हते. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रीक रंजित पात्रांसमोर, आणि पुढल्या वर्षापासून पॅरिसला लूव्र संग्रहालयात, इझाडोरा आणि तिचा भाऊ रेमंड तासन्‌तास उभे असत. त्या पात्रांवरच्या आकृतींची मान, खांदे, पावले कशी पडतात याची रेमंड रेखाटने करी. तिचे नृत्य जन्माला आले ते या अभ्यासातून. त्या काळचे बॅले म्हणजे आवळलेली चोळी, पायांच्या अंगठ्यांवर उभे राहण्यासाठी खास बनवलेले बूट, आणि ठरावीक पदन्यास. इझाडोराने बूट काढले, चोळी काढली, अंगावर एक सैल झुळझुळीत अंगरखा घेतला आणि शोपँ, ग्लुक, बीथोव्हेन यांच्या संगीतावर ती नाचू लागली. हे संगीत मुळात नाचासाठी लिहिलेलेच नव्हते. हालचालीचा उगम छातीच्या मध्यभागी आहे, तो सापडेपर्यंत हात-पाय हलवण्यात अर्थ नाही, असे ती मानी. आणि तो शोधण्यासाठी स्टुडिओत तास न्‌ तास निश्चल उभी राही. आज ‘मॉडर्न डान्स’ म्हणून जे जगभर शिकवले जाते त्याच्या मुळाशी जी थोडी माणसे आहेत, त्यांत तिचे नाव पहिल्या रांगेत येते.

1902 मध्ये बुडापेस्टने तिला डोक्यावर घेतले, आणि तेथेच ऑस्कर बेरेगी हा नट तिला भेटला. तो रोमिओची भूमिका करी. आत्मचरित्रात ती त्याला रोमिओच म्हणते. पंचवीस वर्षांची ही मुलगी या वेळी पहिल्यांदा देहाने आणि मनाने पूर्णपणे प्रेमात पडली. लग्नाची भाषा निघाली, दोघे भाड्याची जागा पाहू लागले. जागा पाहता पाहता तिने विचारले, की येथे राहून मी काय करायचे? उत्तर मिळाले ते असे, की रोज रात्री नाट्यगृहात तिच्यासाठी एक राखीव जागा असेल, तेथे बसून तिने त्याचे काम पाहावे, आणि दिवसा त्याला संवाद पाठ करायला मदत करावी! या उत्तरात वाईट हेतू काही नव्हता. त्या काळच्या कोणत्याही भल्या पुरुषाने हेच सांगितले असते. इझाडोरा पुढच्या दौऱ्यावर निघून गेली, व्हिएन्नाला अंथरुणाला खिळली, आणि बरी होण्यासाठी आड्रिआटिक समुद्राच्या काठी अबाझिया येथे जाऊन राहिली. तेथे खिडकीसमोर एक ताडाचे झाड होते. पहाटेच्या वाऱ्यात त्याची पाने जशी थरथरत, तशी थरथर तिने आपल्या खांद्यांत, हातांत, बोटांत आणली. पुढे ती हालचाल तिच्या नृत्याची ओळख झाली. प्रेम गेले की त्यातून नृत्याला काहीतरी मिळायचे, हा तिच्या आयुष्याचा हिशेब येथे सुरू होतो. सुरुवातीला तो जमेचा होता.

मधला काळ मी भरभर सांगते. 1903 मध्ये सगळे कुटुंब ग्रीसला गेले आणि अथेन्सजवळ कोपानोस टेकडीवर जागा घेऊन मंदिरासारखे घर बांधू लागले. भिंती वर आल्यावर लक्षात आले, की आसपास पाण्याचा थेंब नाही. (डंकन मंडळींच्या व्यवहारज्ञानाबद्दल याहून अधिक सांगायला नको.) 1904 मध्ये बायरॉइट येथे वाग्नरच्या ‘टान्हॉयझर’ या संगीतनाट्यात ती नाचली. तेथे हाइनरिख टोडे हा विवाहित कलेतिहासकार तिच्या आयुष्यात आला. हे प्रेम केवळ डोळ्यांचे आणि शब्दांचे राहिले. पण त्या दिवसांत तिला अन्न जात नसे.

आणि 1904 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये गॉर्डन क्रेग आला.

नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांना क्रेग सांगायला नको. रंगमंचावरच्या रंगवलेल्या पडद्यांची भरताड फेकून देऊन तेथे उंच रेषा, पोकळी आणि प्रकाश आणणारा हा द्रष्टा. त्याची आई एलेन टेरी, इंग्लंडच्या रंगभूमीची राणी. वडील वास्तुतज्ज्ञ एडवर्ड गॉडविन. या दोघांचे लग्न झालेले नव्हते. म्हणजे इझाडोराने जे तत्त्व म्हणून मांडले, ते क्रेगच्या जन्मातच होते. दोघांना एकमेकांत आपलेच प्रतिबिंब दिसले यात नवल नाही. ती सत्तावीस वर्षांची, तो बत्तीसचा. बर्लिनमधल्या त्याच्या स्टुडिओत धड बिछाना नव्हता, जेवणाचे पैसे नव्हते. तिकडे तिची आई आणि कार्यक्रमांचा व्यवस्थापक तिला शहरभर शोधत होते.

येथे मला थोडे थांबायचे आहे. क्रेग तिला भेटला तेव्हा त्याने आपली लग्नाची बायको आणि तिची मुले मागे टाकलेली होती. एलेना मेओ ही व्हायोलिनवादक त्याची सहचरी होती आणि ती गरोदर होती. इझाडोराची भेट झाल्यावर थोड्याच आठवड्यांनी, 1905 च्या जानेवारीत, एलेनाला मुलगा झाला. नाट्यशास्त्राच्या पुस्तकांत क्रेगवर प्रकरणे असतात. त्यांत त्याच्या पडद्यांची मापे असतात, प्रकाशयोजनेच्या आकृत्या असतात. मागे राहिलेल्या बायकामुलांचा उल्लेख क्वचितच असतो. इझाडोरावरच्या लेखाची सुरुवात मात्र तिच्या प्रियकरांनी होते. क्रेग अस्थिर होता असे कोणी म्हणत नाही. तो प्रतिभावंत होता, एवढेच म्हणतात.

त्याच सुमारास इझाडोराने बर्लिनजवळ ग्रुनेवाल्ड येथे आपली शाळा काढली होती. सुमारे वीस मुली, बहुतेक गरीब घरच्या. राहणे, जेवण, शिक्षण सारे मोफत. ही शाळा चालवायची, क्रेगची देणी भागवायची, घरच्यांना पोसायचे, यासाठी ती पीटर्सबर्गपासून ॲमस्टरडॅमपर्यंत नाचत फिरत होती. ती क्रेगबरोबर राहते हे कळल्यावर शाळेला आधार देणाऱ्या बर्लिनच्या प्रतिष्ठित स्त्रियांनी नापसंती कळवली. यावर इझाडोराने काय करावे? जाहीर व्याख्यान देऊन, लग्नाशिवाय मूल होऊ देण्याचा स्त्रीला हक्क आहे, असे तिने त्यांना सुनावले.

24 सप्टेंबर 1906 रोजी हॉलंडच्या समुद्रकाठी, नॉर्डवाइक या गावी, तिला मुलगी झाली. बाळंतपण फार अवघड गेले. सोबतीला केथलीन ब्रूस ही शिल्पकार मैत्रीण होती (हीच पुढे दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉटची पत्नी झाली). क्रेग येऊनजाऊन असे. मुलीचे नाव ठेवले डिअर्ड्रे.

त्यानंतर दोनच महिन्यांनी फ्लॉरेन्समध्ये घडलेली गोष्ट मला सगळ्या चरित्रात सर्वांत बोलकी वाटते. थोर इटालियन अभिनेत्री एलेओनोरा दुझे इब्सेनचे ‘रोस्मर्सहोम’ करणार होती आणि इझाडोराच्या शब्दावर तिने नेपथ्याचे काम क्रेगला दिले. क्रेगला इटालियन येईना, दुझेला इंग्रजी येईना. मध्ये दुभाषी इझाडोरा. दुझेला इब्सेनने सांगितल्याप्रमाणे साधी खोली आणि छोटी खिडकी हवी होती. क्रेगने उभारले होते एखाद्या प्राचीन देवळासारखे गूढ निळे दालन. दुझे म्हणे खिडकी लहान हवी, क्रेग गरजे की कुणा बाईने माझ्या कामात लुडबुड करू नये. आणि इझाडोरा इकडचे तिकडे सांगताना दोन्ही बाजूंना गोडगोड काहीतरी बनवून सांगे. पडदा उघडला तेव्हा दुझे स्वतःच त्या दृश्याने भारावून गेली. पुढे 1907 मध्ये नीसच्या नाट्यगृहात रंगमंच बुटका पडला म्हणून ते पडदे कापले, आणि क्रेग-दुझे यांचे कायमचे फाटले. तेथे मधे बोलायला इझाडोरा नव्हती. दोन हट्टी प्रतिभांच्या मध्ये उभे राहून, आपली नुकती बाळंतीण झालेली प्रकृती सांभाळत, दोघांची मने राखणारी ही बाई. ‘चंचल’ हा शब्द मला येथे कुठे बसवायचा ते समजत नाही.

क्रेग 1907 मध्ये दूर गेला. त्याने तिच्याकडे नाचणे सोडण्याची, घरी राहून आपल्या कामात हातभार लावण्याची अपेक्षा केली, असे ती सांगते. वर्षभरात ती रशियाला गेली तेव्हा स्तानिस्लाव्हस्कीपाशी तिने याच क्रेगची शिफारस केली. त्यातून मॉस्को आर्ट थिएटरचा 1912 चा प्रसिद्ध ‘हॅम्लेट’ उभा राहिला.

शाळेला पैसा पुरेना. आता एखादा लक्षाधीशच शोधला पाहिजे, असे ती बहिणीपाशी थट्टेने म्हणत असे. आणि 1909 मध्ये पॅरिसच्या नाट्यगृहात तिच्या रंगपटाच्या खोलीत खराच लक्षाधीश येऊन उभा राहिला. पॅरिस सिंगर. आपल्याकडे शिंप्यांच्या दुकानांतून ज्या यंत्राचे नाव पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले, त्या शिलाईयंत्राच्या सिंगरचा हा मुलगा. उंच, देखणा, उदार, आणि लहर फिरली की उठून जाणारा. त्याने तिला बोटीवरून समुद्र दाखवले, उत्तम जेवणे दिली, शाळेचा भार उचलला. 1 मे 1910 रोजी पॅट्रिकचा जन्म झाला. सिंगरने लग्नाचा विषय काढला. तिने नकार दिला, मग प्रयोग म्हणून इंग्लंडमधल्या त्याच्या वाड्यावर काही काळ राहून पाहिले. बाहेर सततचा पाऊस, आत ठरलेल्या वेळी होणारी एकामागून एक खाणी. कंटाळून तिने नृत्याचा सराव सुरू केला आणि साथीला आंद्रे काप्ले हा संगीतकार बोलावून घेतला. तो तिला इतका कुरूप वाटे, की त्याचे तोंड दिसू नये म्हणून ती मध्ये पडदा लावून नाचे. एके दिवशी दोघे गाडीतून फिरायला निघाले, रस्त्यात धक्का बसला, आणि ती त्याच्या मिठीत गेली. यापुढे पडदा लागला नाही!

ही गोष्ट ती स्वतः हसत सांगते, आणि मला येथे तिची बाजू घेणे अवघड जाते. सिंगर मत्सरी होता हे खरे, पण त्याने सोसलेही कमी नाही. त्याच्या पैशाने मेजवान्या द्यायच्या आणि त्याच्याच पाहुण्यांसमोर मजूर क्रांतीच्या गोष्टी करायच्या, हेही तिने केले. 1912 मध्ये दोघांचे बिनसले.

1913 च्या एप्रिलमध्ये समेटाची चिन्हे दिसू लागली. 19 तारखेला सिंगरने पॅरिसमध्ये तिला आणि मुलांना दुपारच्या जेवणाला बोलावले. सगळे आनंदात होते. शाळेसाठी नाट्यगृह बांधण्याच्या गोष्टी निघाल्या. जेवण झाल्यावर तिला तालीम होती, म्हणून दाई आणि दोन्ही मुले मोटारीने परत निघाली. सेन नदीच्या काठच्या रस्त्यावर समोरून दुसरी गाडी आली, ड्रायव्हरने एकदम गाडी थांबवली, यंत्र बंद पडले. ते हॅन्डल मारून सुरू करायला तो खाली उतरला. ब्रेक लावायचे राहिले. यंत्र सुरू होताच मोटार पुढे सरकली आणि कठड्यावाचूनच्या काठावरून सरळ नदीत गेली. दारे मिटलेली होती. डिअर्ड्रे साडेसहा वर्षांची, पॅट्रिक तीनही पूर्ण झाला नव्हता. बातमी द्यायला सिंगरच धडपडत तिच्या दारी आला. ड्रायव्हरला अटक झाली तेव्हा, त्यालाही मुले आहेत, त्याला सोडा, अशी विनंती तिने केली.

यानंतरच्या इझाडोराला आधीच्या इझाडोराची मोजपट्टी लावू नये, असे माझे मत आहे. तिने केस कापून टाकले. ती कॉर्फू बेटावर गेली, रेमंडबरोबर आल्बेनियातल्या युद्धनिर्वासितांच्या छावण्यांत काम केले, मग एकटीच मोटार घेऊन आल्प्स ओलांडत भटकत राहिली. शेवटी दुझेने तिला इटलीत विआरेज्जो येथे आपल्याजवळ बोलावले. तेथल्या किनाऱ्यावर भेटलेल्या एका तरुण शिल्पकाराकडे तिने सरळ मूल मागितले. लोकांनी या प्रकाराला काय नावे ठेवली असतील ती असोत. मला तिच्यात त्या वेळी प्रेयसी दिसत नाही. रिकाम्या हातांची आई दिसते. ते मूल 1914 च्या ऑगस्टमध्ये जन्मले आणि काही तासांतच गेले. महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. सिंगरने तिच्या शाळेसाठी पॅरिसजवळ बेलव्ह्यू येथे विकत घेतलेली भव्य इमारत तिने जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी देऊन टाकली.

सिंगर अजूनही पुरता दूर गेला नव्हता. 1917 मध्ये न्यूयॉर्कला त्याने तिच्यासाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डन ही अवाढव्य वास्तू घेण्याचा विचार बोलून दाखवला. तेथे मुष्टियुद्धांचे सामने होत. तिने भर जेवणाच्या टेबलावर त्याची टिंगल केली, की आता मी नाचून कुस्त्यांची जाहिरात करायची काय? सिंगर उठला आणि निघून गेला. आठ वर्षांचा संबंध एका वाक्यात तुटला. तोंडावर ताबा नसणे हा तिचा दोष होता आणि त्याची किंमत शाळेतल्या मुलींनीही भरली.

मग वॉल्टर रुमेल. हा उत्तम पियानोवादक, देबुसीचा मित्र, वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तिच्या दुःखानंतरच्या नृत्याला त्याच्या वादनाने पुन्हा उभे केले. 1920 मध्ये सारे ग्रीसला गेले. पंतप्रधान व्हेनिझेलोस तिच्या शाळेला मदत देणार होते. तेथे रुमेलचे मन अ‍ॅना या तिच्याच विद्यार्थिनीवर बसले. या मुलीला इझाडोराने लहानपणापासून वाढवलेले, आपले आडनाव दिलेले. रागावू तरी कोणावर? मुक्त प्रेमाचे धडे तिनेच दिले होते. दुर्दैव असे, की त्याच शरद ऋतूत ग्रीसच्या राजाला माकड चावून तो मेला, राजकारण उलटले, व्हेनिझेलोस पडले आणि शाळाही गेली. मिरोस्कीपासून रुमेलपर्यंतची ही साखळी पाहिली, तर प्रत्येक टोकाशी एक शाळा किंवा एक रंगमंच बांधलेला दिसतो. माणूस गेला की तोही जाई. तिच्याजवळ स्वतःचा पैसा टिकत नव्हता, सरकारांचा आश्रय टिकत नव्हता. तेव्हा कला उभी राहायची ती पुरुषाच्या खांद्यावर, आणि तो खांदा काढून घेतला की कोसळायची. हा धागा तिच्या चरित्रात फार कमी वेळा ओढून पाहिला जातो.

1921 मध्ये सोव्हिएत सरकारने तिला मॉस्कोत शाळा काढायला बोलावले. हजार मुले देऊ असे म्हटले होते. मिळाली त्याच्या कितीतरी कमी, आणि थंडीत लाकूडफाट्याची चणचण. त्या शरद ऋतूत चित्रकार याकुलोव्हच्या घरी सर्गेई येसेनिन तिला भेटला. शेतकऱ्याचा मुलगा, सोनेरी केसांचा, रशियाचा लाडका कवी. तो सव्वीसचा, ती चव्वेचाळीसची. त्याला रशियनखेरीज भाषा येत नव्हती, तिला रशियनचे मोजके शब्द येत. त्याचा सोनेरी माथा पाहून तिला पॅट्रिक आठवे, असे तिच्या जवळच्या माणसांनी लिहून ठेवले आहे. सरकारी मदत आटली तेव्हा शाळेसाठी परदेश दौरा करणे भाग पडले आणि लग्नाशिवाय दोघांना अमेरिकेत प्रवेश मिळाला नसता. म्हणून 2 मे 1922 रोजी तिने बाराव्या वर्षीचा निश्चय मोडला.

परवान्यासाठी केलेले हे लग्न तिला चांगलेच महाग पडले. अमेरिकेच्या बंदरावर दोघांना हेर समजून अडवले. बॉस्टनला रंगमंचावरून तिने आपला तांबडा शेला फडकावला, आणि महापौरांनी तिला तेथे बंदी केली. परकीयाशी लग्न केल्यामुळे तिचे नागरिकत्व गेले. येसेनिन रशियात लोकांचा कवी होता, येथे तो नुसता इझाडोराचा नवरा झाला; ते त्याला सोसले नाही. दारू, हॉटेलांतली मोडतोड, मारहाण. आयुष्यभर स्वातंत्र्याची भाषा बोललेली ही बाई त्याचे वार झाकत राहिली. 1923 मध्ये त्याला त्याच्या देशात परत पोचवून ती त्याच्यापासून दूर झाली. 28 डिसेंबर 1925 रोजी लेनिनग्राडच्या एका हॉटेलात त्याने गळफास घेतला. कायदेशीर घटस्फोट झाला नसल्याने त्याच्या कवितांचे उत्पन्न तिच्याकडे येत होते. त्या वेळी ती अक्षरशः कर्जात बुडालेली होती. तिने ते त्याच्या आईला आणि बहिणींना सोडून दिले.

शेवटची दोन-तीन वर्षे नीस आणि पॅरिस यांच्यामध्ये गेली. घर विकले गेले, हॉटेलांची बिले थकली, मद्य वाढले. पैशासाठी तिने आत्मचरित्र लिहायला घेतले. प्रकाशकांना कलेपेक्षा प्रणयाच्या हकिकती हव्या होत्या आणि तिने त्या पुरवल्या. जगाने तिच्याविषयी जे मत केले ते पुष्कळसे या मागणीतून आलेले आहे, हे विसरू नये. आणखी एक गंमत : ‘माय लाइफ’ हे पुस्तक 1921 मध्ये ती रशियाला निघते तेथे संपते. तिचे एकमेव लग्न त्यात नाहीच. ते लिहायला ती उरली नाही. 8 जुलै 1927 ला पॅरिसच्या मोगादोर नाट्यगृहात ती शेवटची नाचली. 14 सप्टेंबरच्या रात्री नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर एका उघड्या मोटारीत बसून ती फेरफटक्याला निघाली, आणि मैत्रिणीने दिलेला तो लांब शेला मागच्या चाकात गेला. तिचे वय पन्नास होते.

क्रेग मात्र पुष्कळ जगला. नीसपासून जवळच असलेल्या व्हान्स गावी, 1966 मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो वारला. इतकी बिऱ्हाडे बदलली, इतकी माणसे मागे टाकली, तरी इझाडोराने 1904 पासून लिहिलेली पत्रे त्याने जपून ठेवली होती. ती 1974 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या पत्रांत आत्मचरित्रातली ऐटबाज नर्तिका फारशी भेटत नाही. दौऱ्यावरच्या गावाहून गाडीच्या वेळा कळवणारी, पैसे पाठवते म्हणणारी, तू कधी येशील असे पुन्हा पुन्हा विचारणारी एक मुलगी भेटते. तिची रक्षा पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत, भिंतीतल्या एका कोनाड्यात, डिअर्ड्रे आणि पॅट्रिक यांच्याजवळ ठेवलेली आहे.